खात्यातला विधी कक्ष सांभाळायला मिळाला तर: सेवाविषयक आणि कामगार केसेसचं काम कसं लावायचं

कर्मचाऱ्यानं खात्याविरुद्ध केस टाकली की तिचा अर्धाअधिक निकाल आस्थापनेच्या टेबलावर आधीच लागलेला असतो. निलंबनाचा आदेश कुणी कसा लिहिला, हजेरीपट जपून ठेवला का, चौकशी अहवालाची प्रत त्या माणसाला दिली का, बदलीची कारणं फायलीवर आहेत का, या गोष्टी वकील उभा राहायच्या कितीतरी आधी ठरून गेलेल्या असतात. त्यामुळे विधी कक्षाचा प्रमुख म्हणून तुमचं खरं काम कोर्टापेक्षा ऑफिसात जास्त आहे हे आधी मनात पक्कं करा. हा लेख महाराष्ट्रातल्या राज्य शासनाच्या खात्यात किंवा शासनाच्या अखत्यारीतल्या एखाद्या संस्थेत विधी अधिकारी म्हणून टीम सांभाळणाऱ्यांसाठी आहे, आणि नव्यानं चार्ज घेतलेल्यांसाठी तर खासच.

आधी केसेस किती आहेत ते शोधा

ऐकायला साधं वाटतं पण बऱ्याच खात्यांना आपल्याविरुद्ध नेमक्या किती केसेस चालू आहेत हे माहीतच नसतं. मुख्यालयाच्या रजिस्टरमध्ये एक आकडा, विभागीय कार्यालयाचा दुसरा आणि सरकारी वकिलांच्या ऑफिसातला तिसरा. म्हणून पहिल्या महिन्यात दुसरं काही मोठं काढू नका, फक्त यादी करा. फायलींवरून यादी कराल तर फाइल नसलेली केस सुटते, म्हणून ई-कोर्ट्सच्या साइटवर खात्याचं नाव, पदनामं, जुनी नावं टाकून शोधा, मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांच्या याद्या बघा, आणि प्रत्येक उपविभागाकडून लेखी घ्या की त्यांच्याकडे आलेली एकही नोटीस कपाटात पडून नाही. कामगार न्यायालयाची नोटीस बहुतेक वेळा तालुक्याच्या ऑफिसला जाते, तिथला कारकून ती आवक नोंदवहीत चढवतो, पुढे काहीच होत नाही आणि केस एकतर्फी चालून जाते. असे एकतर्फी निकाल सगळ्यात महाग पडतात कारण त्यात आपली बाजू कुणी ऐकलेलीच नसते.

यादीत केस नंबर आणि पुढची तारीख तर हवीच, त्याशिवाय तीन कॉलम मी आग्रहानं ठेवायला सांगते. एक, वाद नक्की कशाचा आहे ते एका ओळीत साध्या मराठीत. दोन, शेवटचा आदेश काय आणि त्यात आपल्याला कुठल्या तारखेपर्यंत काय करायला सांगितलंय. तीन, हरलो तर एकाच माणसाला पैसे द्यावे लागतील की त्याच्यासारखे अजून शेकडो दारात उभे राहतील. हा तिसरा कॉलम भरला की कुठल्या केसला सीनियर वकील हवा आणि कुठली केस तडजोडीत काढून टाकावी हे आपोआप दिसायला लागतं.

माणूस कोण, कोर्ट कुठलं, कायदा कुठला

नव्या विधी अधिकाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो त्यामुळे थोडं थांबून सांगते. राज्य शासनाचा नियमित कर्मचारी असेल तर सेवेचा वाद मॅटमध्ये जातो, आणि १९९७ च्या घटनापीठाच्या निकालानंतर मॅटच्या आदेशाविरुद्ध आधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडेच जावं लागतं, थेट दिल्लीला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात, जाता येत नाही. जिल्हा परिषद, महापालिका यांचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, ते उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. आणि रोजंदारीवरचा, कामगार व्याख्येत बसणारा माणूस कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात जातो, कारण प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २८ नं त्या न्यायालयांचा अधिकार शाबूत ठेवलेला आहे.

मग आपल्याकडून ठराविक बचाव येतो, "आमचं खातं उद्योग नाही." हा बचाव डोळे झाकून टाकू नका. १९७८ च्या बंगळुरू वॉटर सप्लाय निकालात सात न्यायमूर्तींच्या पीठानं उद्योगाची व्याख्या खूप रुंद केली, आणि आपल्याकडचंच उदाहरण बघा, पुण्याच्या पाचगाव पर्वतीतल्या वनयोजनेवरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ते काम उद्योगात धरलं आणि मजुरांना कायम करण्याचा आदेश टिकवला. सार्वभौम काम म्हणजे काय याची रेषा कोर्ट स्वतः काढतं, खात्याच्या नावावरून काढत नाही.

महाराष्ट्रात अजून एक गोष्ट आहे जी दुसऱ्या राज्यातून आलेल्या वकिलांना पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे १९७१ चा एमआरटीयू आणि पल्प कायदा, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध याबद्दलचा कायदा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. बाब १ बडतर्फीची, ती कामगार न्यायालयात. बाकीच्या औद्योगिक न्यायालयात. बाब ६ म्हणजे माणसाला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी लावलेला), नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून ठेवायचं आणि कायमपणाचे फायदे द्यायचे नाहीत. बाब ९ म्हणजे निवाडा, समझोता किंवा करार पाळायचा नाही. आपल्यावर येणाऱ्या बऱ्याच तक्रारी या दोन बाबींखाली असतात. तक्रार ९० दिवसांत करायची असते, उशीर माफ होऊ शकतो, पण ती तारीख तपासून मुदतीचा मुद्दा पहिल्या उत्तरातच घ्या.

उमादेवी निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो. एप्रिल २००६, घटनापीठ, मागल्या दारानं आलेल्यांना कायम करता येणार नाही. पण त्याच निकालात मंजूर पदावर, पात्रता असलेल्या आणि कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय १० वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच नियमित करण्याची प्रक्रिया राबवा असंही सांगितलंय, ते परिच्छेद कुणी वाचत नाही. शिवाय २००९ मध्ये आपल्याच एसटी महामंडळाच्या आणि कास्ट्राईब संघटनेच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बाब ६ खाली अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार उमादेवीमुळे संपत नाही. आणि डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात तर कोर्टानं सरळ म्हटलं की वर्षानुवर्षं नियमित काम करून घेतलेल्या लोकांविरुद्ध उमादेवी हत्यारासारखी वापरू नका. म्हणून टीममधला कुणी नुसता "उमादेवी लागू" एवढं लिहून मसुदा आणेल तर तो परत पाठवा, पद मंजूर होतं का, भरती कशी झाली, किती वर्षं काम केलं, ही तीन उत्तरं घेऊन ये म्हणावं.

आता नवीन भाग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले, औद्योगिक विवाद कायदा १९४७ सुद्धा. जुन्या चालू केसेस मात्र आपल्या कपाटात आहेतच आणि पुढची काही वर्षं राहणार. त्यामुळे प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं नव्हे, पेनानं लिहून ठेवा की वादाचं कारण कुठल्या तारखेला घडलं आणि त्या तारखेला कुठला कायदा चालू होता. जुन्या कलमाचा मसुदा नव्या केसला चिकटवला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला पकडतो.

टीम कशी वाटायची

जिल्हानिहाय वाटणी करायची जुनी पद्धत आहे, मी विषयनिहाय वाटणीच्या बाजूची आहे. एक माणूस शिस्तभंग आणि निलंबन, एक वेतननिश्चिती, वसुली आणि पेन्शन, एक रोजंदारी आणि कंत्राटी कामगार, एक बदल्या, पदोन्नती, ज्येष्ठता, अनुकंपा. असं केलं की माणूस त्या विषयातले जीआर, निकाल, पळवाटा हळूहळू पक्के शिकतो, आणि चार जिल्ह्यांत एकाच मुद्द्यावर चार वेगवेगळ्या भूमिका जात नाहीत. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, नागपूरला एक शपथपत्र आणि औरंगाबादला त्याच्या नेमकं उलट शपथपत्र गेलं की खंडपीठासमोर सरकारी वकिलांना मान खाली घालावी लागते.

त्याशिवाय एक माणूस फक्त अंमलबजावणीसाठी वेगळा काढा, त्याच्याकडे एकही नवीन केस देऊ नका. त्याचं काम एवढंच की आदेश आला की त्यातली मुदत काढायची, कुणाकडे फाइल आहे बघायची आणि रोज मागे लागायचं.

आणि आस्थापना शाखेतला जुना, अनुभवी कारकून विधी कक्षाशी जोडून घ्या. सेवापुस्तक, बिंदुनामावली (आरक्षणाचं रोस्टर), कुठल्या साली कुठल्या आदेशानं कुणाला घेतलं, या गोष्टी त्याला माहीत असतात, विधी पदवी घेतलेल्या नवीन मुलांना त्या महिनोन्महिने सापडत नाहीत. त्याला मीटिंगला बसवा, मसुद्यावर त्याचं मत घ्या, त्याच्याशी आदरानं वागा.

नवीन विधी अधिकाऱ्यांना महिन्यातून काही दिवस नुसतं कोर्टात बसायला पाठवा. आपलं शपथपत्र न्यायमूर्ती कसं वाचतात, कुठल्या परिच्छेदावर थांबतात, कुठे कपाळाला आठी पडते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की लिहिणं सुधारतं.

परिच्छेदनिहाय अभिप्राय, इथे सगळी मेहनत घाला

सरकारी वकील किंवा मॅटमधले सादरकर्ता अधिकारी यांच्यापर्यंत खात्याची बाजू पोचते ती परिच्छेदनिहाय अभिप्रायातून, तोच कच्चा असेल तर वर कितीही मोठा वकील उभा करा, उपयोग नाही. एक नमुना दाखवते. समजा अर्जदारानं मूळ अर्जाच्या परिच्छेद सहामध्ये लिहिलंय की चौकशी अहवालाची प्रत न देताच मला बडतर्फ केलं. आपल्याकडून सर्रास जाणारा अभिप्राय असा:

"परिच्छेद ६ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून मान्य नाही. अर्जदारावर नियमानुसार कारवाई करण्यात आली आहे."

यातून वकिलाला काय कळलं? काहीच नाही. तोच अभिप्राय असा हवा:

"परिच्छेद ६: अहवालाची प्रत अर्जदारास अमुक तारखेच्या पत्रान्वये रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती फायलीच्या पृष्ठ १४२ वर, प्रत सोबत जोडली आहे. अर्जदाराने अमुक तारखेस त्यावर निवेदन दिले, ते पृष्ठ १४८ वर. शिक्षेच्या आदेशाच्या परिच्छेद ४ मध्ये त्या निवेदनाचा विचार केला आहे."

आणि जर प्रत दिलीच नसेल तर तेही असंच स्वच्छ लिहायचं, "प्रत दिल्याचा पुरावा फायलीत आढळत नाही." कारण १९९३ साली घटनापीठानं सांगून ठेवलंय की शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. मग वकील, प्रत न दिल्यामुळे प्रत्यक्षात काय नुकसान झालं या मुद्द्यावर लढू शकतो, किंवा त्या टप्प्यापासून पुन्हा प्रक्रिया करायची परवानगी मागू शकतो. पण त्याला खरं माहीत पाहिजे, ऐन सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारल्यावर नव्हे तर आधी.

अभिप्रायाला माझे तीन नियम आहेत. प्रत्येक विधानाला फायलीचा पान नंबर. प्रत्येक "नाकारतो" च्या पुढे "कारण". आणि आपल्या बाजूचा लंगडा भाग वेगळ्या गोपनीय टिपणीत, फक्त वकिलासाठी. हा तिसरा नियम पाळायला लोक घाबरतात, कारण लेखी कबुली दिल्यासारखं वाटतं, पण प्रमुख म्हणून तुम्ही स्वतः सही करून ती टिपणी पाठवायला लागलात की टीमची भीती जाते.

शपथपत्र अभिप्रायावरून बनतं आणि त्यावर सही करणारा अधिकारी शपथेवर बोलत असतो, म्हणून त्याला मसुदा वाचायला किमान दोन दिवस द्या. सही करून घ्यायला शिपायाला कोर्टातून पळवणं पूर्ण बंद करा.

हजेरीपट आणि २४० दिवस

रोजंदारीच्या केसेसमध्ये सगळा खेळ एका आकड्याचा असतो, बारा महिन्यांत २४० दिवस. औद्योगिक विवाद कायद्याखालच्या केसेसमध्ये २४० दिवस भरलेल्या माणसाला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी आधी द्यावी लागते, कलम २५ एफ. ते न करता काढलं तर काढणंच बेकायदेशीर. २४० दिवस काम केल्याचं आधी कामगारानं सांगायचं असतं हे खरं, पण तो साक्षीला उभा राहून शपथेवर सांगतो, आणि मग हजेरीपट हजर करा असा अर्ज देतो, आणि खातं म्हणतं हजेरीपट सापडत नाही. तिथून पुढे केस उतरणीला लागते.

त्यामुळे नोटीस आली त्याच दिवशी संबंधित वर्षांचे हजेरीपट, मजुरीची बिलं, व्हाउचर, मोजमाप पुस्तकं ताब्यात घ्या, पानांना नंबर टाका आणि स्कॅन करा. मग टीममधल्या एकाला बसवून महिन्यानुसार दिवस मोजायला लावा. मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्या धरायच्या का हाही वादाचा भाग असतो म्हणून दोन्ही आकडे काढा. आणि हजेरीपट वाचताना एक गोष्ट नीट बघा: दर दोन-अडीच महिन्यांनी सगळ्या मजुरांचं काम एकाच वेळी दोन-तीन दिवस बंद दाखवलंय का, किंवा तोच माणूस एका महिन्यात एका स्पेलिंगनं आणि पुढच्या महिन्यात वडिलांच्या नावात बदल करून आलाय का. असं दिसलं तर ते कृत्रिम खंड आहेत आणि कोर्टालाही दिसणार आहेत. अशा फायलीवर "सलग सेवा नाही" हा बचाव घेणं म्हणजे बाब ६ चा पुरावा आपणच हातात देणं. ती केस तडजोडीकडे न्या.

आपला साक्षीदार कोण हेही लवकर ठरवा. ज्या अधिकाऱ्यानं माणसाला कामावर बघितलं तो रिटायर झालेला असतो आणि त्या ऑफिसात कालच बदलून आलेला माणूस साक्षीला जातो, उलटतपासात त्याचं "मला माहीत नाही" एवढंच रेकॉर्डवर येतं. निवृत्त अधिकाऱ्याला फोन करा, प्रवासखर्चाची सोय करा, बोलवा.

कंत्राटी कामगारांबद्दल थोडक्यात: २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालानंतर कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाचा होत नाही, पण कंत्राट नुसतं कागदावरचं आहे असं औद्योगिक न्यायाधिकरणाला दिसलं तर होतो. रजा कोण मंजूर करतं, काम कोण सांगतं, पगार खरं कोण देतं, हे केस उभी राहायच्या आधी तपासून घ्या.

आदेश निघायच्या आधी फाइल तुमच्याकडे आली पाहिजे

ही सवय लावायला वेळ लागतो, पण एकदा लागली की नवीन केसेसच कमी होतात. सचिव किंवा आयुक्तांकडून एक छोटं परिपत्रक काढून घ्या की चार प्रकारचे आदेश विधी कक्षाला दाखवल्याशिवाय निघणार नाहीत: निलंबन, मोठी शिक्षा, मुदतपूर्व बदली, आणि पगार किंवा पेन्शनमधून वसुली. आणि विधी कक्ष दोन दिवसांत फाइल परत करेल हेही त्याच परिपत्रकात लिहा, नाहीतर लोक तुम्हाला टाळून जातील.

निलंबनात बघायचं काय? नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येत नाही आणि दिलं असेल तर वाढवण्याची कारणं लेखी हवीत, राज्यानं २०१९ मध्ये त्यावर जीआरही काढला. निर्वाह भत्ता वेळेवर जातोय का तेही बघा, माणसाच्या घरात पगार थांबलेला असतो.

मोठ्या शिक्षेत १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतला नियम ८ टप्प्याटप्प्यानं पाळलाय का याचा तक्ता बनवा, प्रत्येक टप्प्यापुढे पान नंबर. औद्योगिक वाद चालू असताना त्यात गुंतलेल्या कामगाराला बडतर्फ केलं असेल तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३(२)(ब) खाली मंजुरीचा अर्ज आणि एक महिन्याचा पगार दिला का ते तपासा, २००२ च्या घटनापीठानं सांगितलंय की ते केलं नाही तर बडतर्फीच टिकत नाही. निवृत्त माणसावर चौकशी सुरू करायची असेल तर पेन्शन नियमांतला नियम २७ बघा, चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर नवी चौकशी सुरू करता येत नाही, त्यामुळे निवृत्तीची तारीख जवळ आलेल्यांच्या फायली आधी घ्या.

बदलीत २००५ चा बदली कायदा. तीन वर्षांचा कार्यकाळ पूर्ण व्हायच्या आधी बदली करायची तर विशेष कारणं लेखी आणि त्याच्या वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची आधी मान्यता. "प्रशासकीय कारणास्तव" एवढा एक शब्दप्रयोग मॅटमध्ये टिकत नाही, कारण फाइलच मागवली जाते.

वसुलीत डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल पाठ पाहिजे. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा रक्कम मिळत राहिलेले, यांच्याकडून चुकून जास्त दिलेली रक्कम वसूल करायला मनाई. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी जास्त दिलं तर परत करीन असं वचनपत्र दिलेलं असेल तर २०१६ च्या निकालात कोर्टानं वसुलीला मुभा दिली आहे. म्हणून वचनपत्र शोधा, पण निवृत्त शिपायाच्या ग्रॅच्युइटीतून कापायच्या आधी ते कधी घेतलं, त्याला समजलं होतं का, हेही बघा. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या वचनपत्राला मॅट फारशी किंमत देईल असं मला वाटत नाही आणि देऊही नये.

अपील करायचं की नाही

आपल्याकडे हरलेल्या प्रत्येक केसला वर जायची फाइल आपोआप सुरू होते, कारण अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्याला नंतर विचारणा होईल अशी भीती असते. ही भीती प्रमुखानं स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. निकाल आल्यापासून सात दिवसांत एक पानी मत द्या: निकालात कायद्याची चूक आहे का, असेल तर कुठल्या परिच्छेदात, पैशाचा भार किती, आणि तसेच बाकीचे किती. चूक नसेल तर "अपील करू नये" असं स्पष्ट लिहा आणि सही करा.

मुदत पाळा. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातल्या विशेष अनुमती याचिकेला ९० दिवस असतात आणि आपल्या फायली विधी व न्याय विभाग, वित्त, साप्रवि (सामान्य प्रशासन विभाग) अशा फिरता फिरता सहा महिने घेतात. २०१२ साली पोस्ट खात्याच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फाइल टेबलाटेबलावर फिरत होती हे कारण आता चालणार नाही, सरकारला वेगळी मुदत नाही. २०२० मध्ये तर उशिरानं, केवळ कोर्टानं फेटाळल्याचा शिक्का मिळावा म्हणून केलेल्या अपिलांना कोर्टानं प्रमाणपत्र केसेस म्हटलं आणि खर्चही लावला. फाइल कुठे अडली तर बदली कायद्याच्याच कलम १० कडे बोट दाखवा, कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तिथे लिहिलंय, या कामासाठी ते कलम फारसं कुणी वापरत नाही.

अपील दाखल करणं म्हणजे स्थगिती नव्हे हे सगळ्यांना सांगत राहा. कामगाराला पुन्हा कामावर घ्या असा निवाडा असेल आणि आपण उच्च न्यायालयात गेलो तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ ब खाली, तो दुसरीकडे कमवत नाही असं शपथपत्र त्यानं दिलं की शेवटचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. वर्षानुवर्षं काम न घेता पगार देत बसायचं, त्यापेक्षा त्याला परत घेऊन काम द्या असा सल्ला बऱ्याच वेळा योग्य ठरतो.

एकाच मुद्द्यावर एक कर्मचारी जिंकला आणि निकाल अंतिम झाला तर तशाच बाकीच्यांना स्वतःहून लाभ द्या असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंय, अपवाद आहे तो वर्षानुवर्षं गप्प बसून दुसऱ्याचा निकाल बघून आलेल्यांचा. तरी आपण प्रत्येकाला कोर्टात पाठवतो. विधी कक्षानं इथे वित्त विभागाकडे सामूहिक प्रस्ताव न्यावा, प्रत्येक केसचा वकील, तारखा, व्याज धरून खर्च मांडावा. पाचशे माणसं पाचशे अर्ज करतात तेव्हा त्यातली बरीचशी निवृत्त, आजारी, वकिलाची फी उसनी आणलेली असतात, हे त्या प्रस्तावात लिहायला लाजू नका.

तडजोडीलाही तेवढाच वेळ द्या. लोक अदालतीला जाताना रक्कम मंजूर करण्याचा अधिकार असलेला माणूस पाठवा, "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणणारा पाठवला तर दिवस वाया. युनियनबरोबर समझोता करताना मसुदा स्वतः लिहा, कारण तो पाळला नाही की बाब ९ आहेच. वित्त विभागाची मान्यता मिळेल या आशेवर सही करू नका, मान्यता आधी, सही नंतर.

अवमान

आदेशातली मुदत संपायच्या आधी अर्ज करून मुदत वाढवून मागा किंवा पालन करा, तिसरा रस्ता नाही. अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आणि २००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण अधिकाऱ्यांना खरा त्रास होतो तो जातीनं हजर राहण्याचा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अधिकाऱ्यांना वैयक्तिक हजर करण्याबाबत कार्यपद्धती घालून दिली, शपथपत्रावर काम भागत असेल तर बोलवू नये, बोलवायचंच तर आधी व्हिडिओची संधी द्यावी असं त्यात आहे. सरकारी वकिलांना त्याची प्रत देऊन ठेवा. पण ही ढाल पालन न करणाऱ्याला वाचवत नाही, म्हणून पालनाचं शपथपत्र लिहिताना "कार्यवाही सुरू आहे" हे वाक्य वापरू नका, कोणती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, एवढंच लिहा.

वरून दबाव आला तर

येतोच. कुणाला तरी "धडा शिकवायचाय" म्हणून चौकशी, एखाद्या युनियनच्या पदाधिकाऱ्याची लांब बदली. तेव्हा तोंडी वाद घालत बसू नका, शांतपणे लेखी मत द्या: हा आदेश काढल्यास अमुक कलमाखाली रद्द होण्याची शक्यता, फायलीवर ही ही कारणं नाहीत. साहेबांना निर्णय घ्यायचा अधिकार आहे, पण तुमचं मत फायलीवर राहतं आणि उद्या कोर्टानं फाइल मागवली तर टीममधलं कुणी अडचणीत येत नाही. तुमच्या ज्युनिअरच्या टिपणीवर वरून कुणी चिडलं तर त्या टिपणीखाली आपली सही असेल एवढी काळजी घ्या, बाकी ते नीट काम करत राहतात.

चार्ज देताना

तुमचीही बदली होणार आहे, विधी कक्षात सहसा कुणी फार टिकत नाही. म्हणून चार्ज देतानाची टिपणी पहिल्या वर्षापासूनच लिहीत राहा आणि दर तिमाहीला अपडेट करा. तिच्यात पुढच्या नव्वद दिवसांत संपणाऱ्या सगळ्या मुदती, अंमलबजावणी राहिलेले आदेश, प्रत्येक मोठ्या केसमधली आपली कमजोर बाजू, कुठल्या निवृत्त अधिकाऱ्याला साक्षीला बोलवायचंय आणि मूळ हजेरीपट कुठल्या ऑफिसच्या कुठल्या कपाटात आहेत हे लिहा. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही.